नाण्यावर दिवा कुठून धरायचा?

गेल्या महिन्यात या सदरात मी आजोबांच्या पत्र्याच्या डब्यातली सहा नाणी दाखवली होती. ते फोटो साध्या फोनवर काढलेले आहेत हे वाचल्यापासून पत्रं येत आहेत. बहुतेकांचं म्हणणं एकच: कॅमेरा नाही, पैसे बेताचे, तर आम्हाला जमेल का? जमेल. नाशिकला रविवार कारंजाजवळ माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. तिथे वीस वर्षं मी निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने रिटचिंग केलं. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की वडील आधी दिवे हलवायचे आणि कॅमेऱ्याला हात अगदी शेवटी लावायचे. नाण्यांच्या बाबतीत मी त्यांचाच क्रम पाळते. खालची उत्तरंही त्याच क्रमाने वाचावीत.

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर आहे. बॅगेत वेगळं नाणं आलं की स्वतःचे पैसे टाकून ते बाजूला ठेवायची सवय होती, त्यातून अडीचशेच्या वर नाणी जमली. मुलीने घेऊन दिलेला दहा-बारा हजारांचा फोन आहे. फोन जवळ नेला की फोटो धूसर येतो, आणि नाण्यावर फोनचीच काळी सावली पडते. पाचशे रुपयांच्या आत काही करता येईल का? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : येईल, आणि पाचशे लागणारही नाहीत. आधी धूसरपणाचं बघू. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला साधारण आठ-दहा सेंटिमीटरच्या आतलं स्पष्ट दिसत नाही. नाणं लहान, म्हणून आपण फोन खाली खाली नेतो आणि नेमके त्या हद्दीत शिरतो. फोन १५ सेंटिमीटर वर घ्या. पडद्यावर नाणं लहान दिसेल, दिसू द्या. कडेचा भाग नंतर कापता येतो. फोनमध्ये ५० मेगापिक्सेलचा पर्याय असेल तर तो चालू करा. त्या उंचीवरूनही चांदीचा जुना रुपया हजारभर पिक्सेल रुंद मिळतो, आणि छापील पानावर तीन इंचांचं चित्र स्वच्छ यायला तेवढं पुरतं. स्वस्त फोनमध्ये ‘मॅक्रो’ नावाचा दोन मेगापिक्सेलचा एक जादा कॅमेरा असतो. नावावर जाऊ नका. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्याचा कापलेला फोटो कितीतरी सरस असतो.

आता हात हलण्याचं. स्वयंपाकघरातले सारख्या उंचीचे दोन डबे घ्या, १५ सेंटिमीटरच्या आसपासचे. ते वीतभर अंतरावर ठेवून वर दोन लाकडी फूटपट्ट्या आडव्या टाका, मध्ये दोन बोटांची फट सोडा. फोन पडदा वर करून पट्ट्यांवर ठेवायचा, कॅमेरा फटीवर आणि नाणं बरोबर त्याच्या खाली. तीन सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबल्यावर फोन जो थरथरतो, तो तेवढ्या वेळात शांत होतो.

फोन नाण्याला समांतर आहे का, हे डोळ्याने कळत नाही. तिरका असला की नाणं अंडाकृती येतं आणि एक कड धूसर होते. त्यासाठी नाण्याच्या जागी खिशातला छोटा सपाट आरसा ठेवा. पडद्यावर तुमच्याच कॅमेऱ्याचं भिंग उलटं बघताना दिसेल. ते भिंग चित्राच्या अगदी मधोमध येईपर्यंत पट्टीखाली कागदाच्या घड्या सरकवा. मध्ये आलं की फोन सरळ बसला. आरसा काढा, नाणं ठेवा. एकदा बसवलेली ही मांडणी अडीचशे नाण्यांना पुरते, फक्त डब्यांना धक्का लागू देऊ नका.

सावलीचं उत्तरही यातच आहे. दिवा डोक्यावर नको, बाजूला हवा. घरातली ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर दोन रंगांचे उजेड मिसळून नाणं एका अंगाने निळं आणि एका अंगाने पिवळं दिसतं. नऊ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब टेबललॅम्पमध्ये लावा आणि नाण्याभोवती श्रीखंडाचा अर्धा किलोचा रिकामा डबा उभा करा. पांढरा दुधी प्लास्टिकचा, बूड कापून काढलेला. दिव्याचा उजेड त्या भिंतीतून गाळून चहूबाजूंनी नाण्यावर येतो आणि चकाकणारे पांढरे डाग जातात. डबा नसेल तर बटर पेपरची नळी करा. फोटोत आडवे काळे पट्टे दिसले तर तो बल्बच्या लुकलुकण्याचा परिणाम असतो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे सगळं हाताने ठरवता येतं तिथे, शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्टे जातात.

नाण्याखाली काळी मखमल घालायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. फोनला सगळीकडे काळं दिसतं, तो उजेड वाढवतो, आणि चांदीचं नाणं पांढरंफटक होतं. वहीच्या मागचा राखाडी पुठ्ठा घ्या. मग पडद्यावर नाण्यावर बोट दाबून धरा, फोकस पक्का होईल, आणि सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. फोटो किंचित अंधारा आला तर नंतर उजळवता येतो. पांढरा होऊन गेलेला भाग मात्र परत आणता येत नाही.

माझा खर्च सांगते: बल्ब शंभर रुपये, बटर पेपर वीस, काच तीस. काच कशाला लागते ते पुढच्या एका उत्तरात येईल.

प्रश्न : मी कॉलेज रोडला राहतो, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे चार शिवराई, म्हणजे शिवकालापासूनची तांब्याची नाणी, आहेत. हातात धरून फिरवल्या की अक्षरं दिसतात, फोटोत मात्र नुसती तपकिरी चकती येते. — एक विद्यार्थी

उत्तर : उत्तर तूच लिहिलं आहेस. हातात ‘फिरवल्यावर’ दिसतात. नाणं फिरतं तेव्हा त्यावरचा उजेड तिरका होतो आणि झिजलेल्या अक्षराच्या कडेला केसाएवढी सावली पडते. आपण ती सावली वाचत असतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात नांगरलेल्या रानाची सरी न् सरी दिसते, आणि डोक्यावर ऊन आलं की तेच रान सपाट वाटतं. तसंच आहे हे.

म्हणून शिवराईसाठी श्रीखंडाचा डबा बाजूला ठेव. तो उजेड सगळीकडून देतो, सावली पुसून टाकतो. खोलीत अंधार कर. साधी टॉर्च घे, तिच्या तोंडावर बटर पेपरचा एक थर लाव, आणि ती जवळजवळ टेबलाला टेकवून नाण्याकडे धर. आता नाणं न हलवता टॉर्च त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखी फिरव आणि पडद्यावर बघत राहा. एका जागी ‘श्री’ची वेलांटी उठेल, दुसऱ्या जागी ‘राजा’चा काना. शिवराईवर एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडे दोन ओळींत ‘छत्र पति’ असतं, पण ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे बऱ्याच नाण्यांवर अर्धीच अक्षरं उतरलेली असतात. जे चकतीवर उतरलंच नाही ते कोणताही दिवा दाखवणार नाही. फोटोत ‘छत्र’चा ‘त्र’ नसेल तर आधी नाण्याची कड बघ, मग दिव्याला दोष दे.

दहा, बारा आणि दोन वाजल्याच्या जागी टॉर्च ठेवून तीन फोटो काढ. दाखवायला दहाच्या जागेचा निवड. आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय असते. खालून दिवा मारला तर उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसतात. नेटवर असे उलटे भासणारे फोटो खूप असतात आणि वाचणाऱ्याची पार फसगत होते.

हे तिरक्या उजेडाचं काम खऱ्या अर्थाने कुठे लागतं ते तुला बघायचं असेल तर जोगलटेंभीच्या नाण्यांविषयी वाच. आपल्याच जिल्ह्यात १९०६ साली तिथे नहपान या क्षत्रप राजाची १३,०००हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर, नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर, आणि मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे टोकांना वर्तुळं असलेली फुली. एका चकतीवर हरलेला आणि जिंकलेला, दोघेही! खालचा चेहरा एका उजेडात वर येतो, वरचा डोंगर दुसऱ्यात. असं नाणं एका फोटोत मावतच नाही. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० साली सुरू झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे नाण्यांचं संग्रहालयही आहे. एक दिवस काढून जाच. फोटो काढायची परवानगी आधी विचार. मिळाली तर फ्लॅश बंद कर आणि फोन कपाटाच्या काचेला टेकवून धर, म्हणजे तुझं प्रतिबिंब येणार नाही.

प्रश्न : लक्ष्मीपूजनाला आम्ही सासूबाईंचे अकरा चांदीचे रुपये मांडतो. काळे पडले आहेत. या वर्षी त्यांचे फोटो काढून मुलांना पाठवायचे आहेत, म्हणून आधी चिंच-मीठ लावून लख्ख करावेत का? — एक गृहिणी, सिन्नर

उत्तर : नका लावू. हात जोडून सांगते.

मी चौदा वर्षांची असताना आजीचा राणीछाप रुपया असाच राख आणि लिंबू लावून घासला होता. तो १८७७ नंतरचा, ‘एम्प्रेस’ अक्षरं असलेला होता. राणीच्या मुकुटाखाली केसांच्या बारीक रेषा होत्या, कानाजवळ तर एकेक बट सुटी दिसायची. दहा मिनिटांत रुपया आरशासारखा झाला आणि त्या बटा गेल्या. आजी रागावली नाही, नुसती अंगठा फिरवत राहिली त्यावर. आज मी त्या रुपयाचा कितीही चांगला फोटो काढला तरी त्यात माझ्या घासण्याच्या गोल गोल रेघोट्याच आधी दिसतात.

काळेपणा ही चांदीच्या वरची पातळ साय असते. ती खोलगट जागी जास्त आणि उठावावर कमी असते, म्हणून चित्र उठून दिसतं. फोटोसाठी तो काळेपणा आपल्या बाजूनेच काम करतो. धूळ असेल तर फुंकर किंवा मऊ कोरडा ब्रश पुरे. नाणं कडेने धरा, चेहऱ्यावर बोट टेकवू नका. आणि पूजेत हळदकुंकू थेट रुपयांवर वाहण्याऐवजी खालच्या पानावर वाहिलं तर देवीला काही कमी पडणार नाही असं मला मनापासून वाटतं.

अकरा रुपये एकत्र मांडून एक फोटो काढा, तो घराचा. मग एकेकाचा छापा आणि काटा वेगळा. मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, आणि साल लिहिलेले आकडे आधी बुजतात.

प्रश्न : आई गेली. तिच्या पुतळ्यांच्या (नाण्यांसारख्या सोन्याच्या चकत्यांच्या) माळेची आम्ही तिघी बहिणींत वाटणी करणार आहोत. त्याआधी माळेचा फोटो हवा आहे. पण सोनं फोटोत कधी काळं येतं, कधी फिकट पितळेसारखं. — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : माळ ओवलेली असतानाच आधी पूर्ण फोटो काढा, खिडकीशी, उन्हाच्या कवडशात नव्हे. ढगाळ दुपारचा उजेड सोन्याला सगळ्यात चांगला. हे वाटणीच्या दिवशी घाईत करू नका, आदल्या दिवशी बसा.

पुतळी काळी का येते? चकचकीत सपाट सोनं आरशासारखं वागतं. वर फोन असतो, फोन काळा, तेच त्यात दिसतं. इथे ती तीस रुपयांची काच लागते. फोटोफ्रेमची साधी काच, पोस्टकार्डाएवढी, कडा घासून घ्या. पुतळी आणि कॅमेरा यांच्यामध्ये ही काच ४५ अंशांत तिरकी उभी करायची, दोन खोडरबरांच्या आधाराने उभी राहते. दिवा बाजूने, काचेच्या उंचीवर. दिव्याचा थोडा उजेड काचेवरून वळून सरळ खाली पुतळीवर पडतो, पुतळीवरून वर येतो आणि काचेतून आरपार कॅमेऱ्यात जातो. म्हणजे उजेड जणू कॅमेऱ्याच्याच डोळ्यातून पडतो. दिवा थेट पुतळीवर पडू नये म्हणून मध्ये एक पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरा, आणि दिव्याच्या समोरच्या बाजूला काळा कागद उभा करा. पहिल्यांदा हे बसवायला मला संध्याकाळ लागली होती. पण काच योग्य कोनात आली त्या क्षणी काळी चकती उजळली आणि पुतळीवरच्या आकृत्यांची वस्त्रं चुणीसकट दिसली.

रंगासाठी त्याच उजेडात शेजारी पांढरा कागद ठेवून एक फोटो घ्या. फोन आपल्या मनाने सोन्याचा पिवळेपणा ‘दुरुस्त’ करतो, म्हणून प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स एका जागी पक्का करा, कागद कागदासारखा दिसेपर्यंत. मग सोनं सोन्यासारखं येतं.

आणि या फोटोंमधलं लोकेशन बंद ठेवा. दागिन्याच्या फोटोसोबत घराचा पत्ता कशाला जायला हवा?

प्रश्न : महात्मा गांधी रोडवर अडीचशे रुपयांना फोनवर चिमट्याने लावायचं भिंग मिळतं. घ्यावं का? — एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : संपूर्ण नाण्यासाठी नको. मध्यभाग स्पष्ट येतो आणि कडेची अक्षरं विरघळल्यासारखी होतात. एखादा बारीक तपशील दाखवायचा असेल तर मात्र उपयोग आहे. उदाहरण देते. पंचम जॉर्जच्या १९११च्या रुपयावर राजाच्या झग्यावर साखळीत एक हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली, आणि १९१२च्या रुपयावर हत्ती सुधारला गेला. दोन्ही सालांचे रुपये शेजारी ठेवून त्या मसुराएवढ्या जागेचा फोटो घ्यायचा तर हे भिंग हवं. टांकसाळीची खूण बघायलाही चालतं. आजच्या नाण्यांवर सालाखाली हिऱ्याचा आकार असेल तर मुंबई, तारा हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

प्रश्न : विहिरीच्या कामात आमच्या शेतात गाडग्याच्या खापऱ्या आणि हिरवी पडलेली काही नाणी निघाली. फोटो कसे काढावेत? — एक शेतकरी, निफाड तालुका

उत्तर : धुवू नका, सुटी करू नका, वाटू तर नकाच. आहेत तिथेच, मातीसकट फोटो घ्या. एक लांबून, ज्यात विहीर आणि बांध दिसेल. एक जवळून, शेजारी फूटपट्टी ठेवून. खापऱ्यांचेही घ्या. नाणं कोणत्या मातीत, किती खोल, कोणत्या भांड्यात होतं हे एकदा मोडलं की परत जुळवता येत नाही, आणि अभ्यासकाला नाण्याइतकीच ती माहिती लागते. या एका ठिकाणी वाईट उजेडातला थरथरता फोटोसुद्धा मोलाचा आहे. दिव्यासाठी थांबू नका.

मग जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवा. १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि जमिनीत मिळालेल्या, दहा रुपयांहून जास्त मोलाच्या ठेव्याची खबर देणं बंधनकारक आहे. घाबरायचं कारण नाही, उलट कळवलं तर तुमची बाजू भक्कम राहते. जोगलटेंभीचा ठेवा मोजला गेला, नोंदला गेला, म्हणून आज आपण गौतमीपुत्राच्या विजयाविषयी इतक्या ठामपणे बोलतो.

प्रश्न : मी टाकलेला फोटो बघून एकाने माझ्या दोन रुपयांच्या नाण्याचे तीन लाख देतो म्हटलं. आधी नोंदणीचे दोन हजार भरायला सांगतो आहे. — एक वाचक, सातपूर

उत्तर : एक पैसाही भरू नका. घेणारा पैसे देतो, मागत नाही. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात असे पैसे उकळले जातात, म्हणून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना जाहीर सावध केलं होतं. आपण असे व्यवहार करत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं आहे. भरले असतील तर आजच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

प्रश्न : मी सातवीत आहे. आजोबांनी मला भोकाचा पैसा दिला. फोटोत भोकातलं टेबल स्पष्ट येतं आणि पैसाच धूसर येतो. — एक वाचक, मखमलाबाद

उत्तर : फार बारकाईने पाहिलंस, शाबास. तू पैसा दोन खोडरबरांच्या कडांवर उंच ठेवला असशील. फोन मधोमध बघतो, मधोमध भोक, म्हणून तो भोकातून खालच्या टेबलावर नजर लावतो. पैसा थेट राखाडी पुठ्ठ्यावर ठेव आणि बोट भोकावर न दाबता कडेच्या अक्षरांवर दाब. साल वाचून कळव. तो १९४३ ते १९४७ मधला असणार. आजोबांना विचार, त्या पैशात तेव्हा काय यायचं. ते उत्तर फोटोच्या मागे लिहून मला पाठव, पुढच्या महिन्यात दोन्ही इथे छापू.